शिष्टाईचा प्रवेश आणि निवाडा करणारा प्रेक्षक

ज्या कथेचा शेवट युद्धात होणार हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असते, त्या कथेत युद्धापूर्वीच्या वाटाघाटीचा प्रवेश नेमका कशासाठी असतो, हा प्रश्न जितका नाटककाराचा आहे तितकाच प्रेक्षकाचाही आहे. पौराणिक परंपरेत अशा प्रवेशाला ‘शिष्टाई’ हे नाव आहे. एका पक्षाच्या वतीने मध्यस्थ दुसऱ्या पक्षाच्या दरबारात जातो, मागणे मांडतो, समजावतो, प्रसंगी धाकही घालतो आणि बहुधा रिकाम्या हाताने परततो. कृष्णशिष्टाई आणि अंगदशिष्टाई ही तिची मराठी श्रोत्यांच्या सर्वाधिक परिचयाची उदाहरणे होत. आजच्या सचेतन चित्रमालिकांत, म्हणजे प्रचलित भाषेत ॲनिमेशन मालिकांत, हाच प्रवेश नव्या वेषात येतो आणि तो पाहणाऱ्यांत जुनेच दोन तट पडतात.

हे दोन तट येथे दोन कल्पित वक्त्यांच्या मुखी घातले आहेत. एकाला सातारकर आणि दुसऱ्याला सांगलीकर म्हणावे. कृष्णा नदी दोन्ही जिल्ह्यांतून वाहते, पण साताऱ्याच्या मनावर प्रतापगडाची छाया आहे आणि सांगलीच्या मनावर रंगभूमीची. त्यामुळे एक जण वाटाघाटीकडे डावपेच म्हणून पाहतो आणि दुसरा प्रवेश म्हणून, एवढेच या नामकरणाचे कारण.

वादाला निमित्त ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ या अमेरिकी मालिकेतील एका प्रसंगाचे आहे. २००५ ते २००८ या काळात प्रसारित झालेल्या या मालिकेच्या दुसऱ्या पर्वात ओमाशू नावाचे नगर शत्रूने जिंकले आहे आणि त्याचा वृद्ध राजा बूमी कैदेत आहे. शत्रूच्या सुभेदाराचे तान्हे मूल योगायोगाने नायकांच्या हाती लागते, ते पळवले गेले असे सुभेदार समजतो आणि मुलाच्या बदल्यात राजा सोडण्याचा प्रस्ताव येतो. ठरल्या जागी दोन्ही पक्ष समोरासमोर उभे राहतात. राजा लोखंडी पेटीत जखडून वर टांगलेला असतो. सुभेदाराची मुलगी माय हिने हा सौदा पार पाडायचा असतो, म्हणजे पणाला लागलेले मूल तिचा सख्खा भाऊ असतो. तेवढ्यात राजकन्या अझुला शांतपणे हिशेब मांडते की दोन वर्षांच्या पोराच्या बदल्यात एक बलाढ्य राजा देणे हा तोट्याचा व्यवहार आहे. माय क्षणभर थांबते, सौदा मोडल्याचे सांगते आणि राजाची पेटी पुन्हा वर ओढली जाते.

सातारकरांचे म्हणणे असे की या प्रसंगात खरी कमाई अझुलाची आहे. सौद्यात भावना आणणारा नेहमी नागवला जातो, आणि प्रेक्षक तिच्यावर चिडला तरी मनातून तिच्या हिशेबाला दाद देतो. “वाटाघाट म्हणजे लढाईचीच पहिली फेरी,” असे ते म्हणतात, “तिच्यात कोण चांगला हे पाहायचे नसते, कोण फसला आणि कोणी फसवले हे पाहायचे असते, आणि प्रेक्षकाचे डोळे नेमके तेच शोधत असतात.”

सांगलीकरांना हे वर्णन अपुरे वाटते. त्यांच्या मते अझुलाचे वाक्य ऐकताना प्रेक्षकाची नजर अझुलाकडे नसतेच, ती मायच्या चेहऱ्यावर खिळलेली असते. कारण हिशेब बरोबर आहे की चूक हा प्रश्न तेथे नाही, सख्ख्या भावाचा हिशेब बहिणीने करावा काय, हा आहे. त्या क्षणभराच्या थांबण्यात काहींना मायचे निर्ढावलेपण दिसते, काहींना अझुलाची दहशत दिसते, आणि दोन्ही मतांचे प्रेक्षक आपापल्या जागी न्यायाधीश होऊन बसतात. पुढे चकमक होते, आरडाओरडा होतो, पण लक्षात राहते ते थांबणे.

येथे सातारकर स्वाभाविकपणे प्रतापगडाकडे वळतात. १० नोव्हेंबर १६५९ रोजी गडाच्या पायथ्याशी जे घडले ते शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्यापूर्वीचे आठवडे मात्र वकिलांचे होते. अफजलखानाच्या बाजूने कृष्णाजी भास्कर आणि शिवाजी महाराजांच्या बाजूने पंताजी गोपीनाथ हे हेजीब, म्हणजे राजदूत, वाई आणि प्रतापगड यांच्या दरम्यान ये-जा करत होते. राजाराम महाराजांच्या काळात जिंजीस लिहिल्या गेलेल्या सभासद बखरीत या बोलण्यांचा तपशील येतो. राजा भ्यालेला आहे, तो वाईस येण्यास धजत नाही, खानानेच जावळीत यावे, असा निरोप जातो. खान मोठ्या जमावानिशी निघतो तेव्हा एवढी फौज पाहून राजा बिचकेल असे पंताजी सुचवतात आणि जमाव मागे राहतो. सदरेवरचा जडजवाहीर पाहून खानाला शहाजीच्या मुलाचे वैभव खुपते, त्यावर हा पातशाही माल अखेर पातशहाच्याच घरी जाणार आहे, अशा अर्थाचे उत्तर पंताजी देतात. आणि ऐन भेटीच्या वेळी सय्यद बंडा या नामांकित पटाईताला दूर करण्याची अटही मान्य करून घेतात.

“यात न्यायनिवाडा कोठे आहे?” असे सातारकर विचारतात. श्रोत्याला पंताजीच्या प्रत्येक वाक्यामागचा दुसरा अर्थ कळतो, खानाला कळत नाही, आणि या तफावतीतूनच रंग भरतो. या प्रसंगावरचा अज्ञानदासाचा पोवाडा उपलब्ध पोवाड्यांत सर्वांत जुना मानला जातो, आणि पोवाडा ऐकणारा श्रोता हसतो तो या तफावतीवर हसतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. नाट्यविचारात अशा स्थितीला नाट्यगत उपरोध म्हणतात: पात्राला जे माहीत नाही ते प्रेक्षकाला माहीत असते, आणि पात्राचे साधे बोलणेही त्यामुळे दुहेरी होते.

सांगलीकर हा रंग नाकारत नाहीत. ते वेगळ्याच गोष्टीकडे बोट दाखवतात. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात प्रदर्शनासाठी आली, तेव्हा ती पाहण्यास लोक लोटले. ती वाघनखे १८१८ नंतर साताऱ्यात इंग्रजांचा प्रतिनिधी असलेल्या जेम्स ग्रँट डफ याच्याकडून तिकडे पोहोचलेली. १६५९ मध्ये वापरली गेली ती हीच, असे खात्रीने सांगता येत नाही हे ते संग्रहालय स्वतःच नमूद करते. तरी लोक आले, आणि त्यात गैर काही नाही. पण शस्त्र काचेच्या पेटीत ठेवता येते, वकिलाचे बोलणे ठेवता येत नाही; घराघरांतल्या चित्रांतही तो शेवटचा क्षणच असतो, त्यापूर्वीचे आठवडे नसतात. “आपल्या साताऱ्याने शेवट जपला आणि वाटाघाट बखरीत ठेवली,” हा सांगलीकरांचा टोमणा किंचित अन्यायकारक असला तरी अगदीच निराधार नाही.

मग ते उद्योगपर्व उघडतात, आणि या चर्चेतील सर्वांत भक्कम पुरावा तेथे आहे. पांडवांचे मागणे उतरत उतरत पाच गावांवर आलेले असते: अविस्थल, वृकस्थल, माकंदी, वारणावत आणि पाचवे कोणतेही. कृष्ण हस्तिनापुरास जातो, दुर्योधनाचे जेवण नाकारतो, कारण अन्न खावे ते प्रेमापोटी किंवा अडचणीपोटी, आणि येथे दोन्ही नाहीत. मग तो विदुराकडे उतरतो. विदुर त्याला स्पष्टच विचारतो की ही बोलणी फिसकटणार हे दिसत असताना या दुष्टांच्या सभेत जायचे तरी कशाला. कृष्णाच्या उत्तरात एक कारण असे आहे की समर्थ असूनही कृष्णाने भडकलेल्या कौरवपांडवांना आवरले नाही, असे पुढे अजाण आणि हितशत्रू लोकांनी म्हणू नये.

सांगलीकरांच्या मते येथे महाभारतकाराने प्रेक्षकाचाच उल्लेख केलेला आहे. शिष्टाई युद्ध टाळण्यासाठी आहेच, पण ते टळले नाही तर दोष कोणाच्या माथी जाईल हे ठरवण्यासाठीही आहे, आणि हा दोष ठरवणारा सभेबाहेरचा माणूस, म्हणजे श्रोता, हा तिचा खरा पंच आहे. शेवट ठाऊक असूनही ताण टिकतो तो यामुळेच. सुईच्या अग्रावर मावेल एवढीही भूमी देणार नाही असे दुर्योधन ठणकावतो, तेव्हा काय होणार ही उत्सुकता संपते, पण अपराध कोणाचा या प्रश्नाचा निकाल त्याच घटकेला लागतो.

सातारकर सहज हार मानत नाहीत. कृष्णाला बांधण्याचा बेत होतो आणि तो विश्वरूप दाखवतो, याची ते आठवण देतात, अंगदशिष्टाईचीही देतात. वाल्मीकीच्या रामायणात अंगद निरोप सांगतो, पकडू पाहणाऱ्या राक्षसांना झटकून प्रासादाचे शिखर मोडतो आणि परततो. तुलसीदासांनी मात्र सभेत रोवलेला आणि कोणालाही न हलणारा त्याचा पाय उभा केला, आणि लोकांच्या मनात ठसला तो पायच. “बोलण्याने सभा रंगत नाही, म्हणून प्रत्येक शिष्टाईला शेवटी एखादा पाय, एखादे विश्वरूप किंवा एखादी कट्यार लागते,” या त्यांच्या वाक्यात तथ्य आहे. दूरदर्शनवर १९८८ ते १९९० या काळात आलेल्या ‘महाभारत’ मालिकेत नितीश भारद्वाज यांनी साकारलेला कृष्ण ज्यांनी पाहिला, त्यांच्यापैकी अनेकांना दरबारातील युक्तिवादापेक्षा विश्वरूपच आधी आठवेल, हे मान्य करावे लागते.

या टप्प्यावर वाद माध्यमाकडे वळतो. सांगली संस्थानाचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या सांगण्यावरून विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ हा खेळ सादर केला आणि मराठी रंगभूमीचा आरंभ तेथून मोजला जातो. या खेळांची रीत आजच्या नाटकासारखी नव्हती. सर्व पात्रांची पदे सूत्रधार गाई, नट त्या पदांच्या आधारे आयत्या वेळी सुचेल तसे गद्य बोलत, राक्षस आरोळ्या ठोकत आणि तलवारी परजत येत; पुढे या प्रकाराची ‘अललडुर्र’ नाटके म्हणून थट्टा झाली ती या आरोळ्यांमुळेच. सातारकर म्हणतात की पाहा, सांगलीच्या रंगभूमीनेही प्रेक्षक खेचला तो आरोळीवर. सांगलीकर उलट असे दाखवतात की देव आणि दानव समोरासमोर आले की लिहिलेले भाषण नसताना नटाला तेथल्या तेथे वाद करावा लागे, आणि प्रेक्षक कथा जाणून असल्यामुळे, आज राक्षसाने आपली बाजू कशी मांडली, एवढेच काय ते नवे असे. कथेचा निकाल पुराणाने लावलेला, वादाचा निकाल मात्र दर रात्री नव्याने लागायचा.

भाव्यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या, आणि पुढे शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी त्यांचे पुनरुज्जीवन केले. बाहुलीचा चेहरा बदलत नाही. तिचा संशय, तिची माघार, तिचा संताप हे सारे आवाजाला आणि मानेच्या हालचालीला पेलावे लागते. सचेतन चित्राची अडचण नेमकी उलटी आहे. पडद्यावर सेकंदाला चोवीस चौकटी सरकतात आणि रेखाटलेला माणूस काढल्याशिवाय पापणीसुद्धा लववत नाही. नट उभा राहिला तर श्वासाने तरी जिवंत दिसतो, चित्र थांबले तर ते निव्वळ चित्र होते. म्हणून चित्रकाराने ठेवलेली शांतता ही अपघाताने आलेली नसते, ती ठरवून दिलेली असते. मायच्या थांबण्याकडे प्रेक्षक टक लावून पाहतो, कारण तेथे तिला थांबवण्याचा निर्णय कोणीतरी घेतलेला आहे, हे त्याला शब्दांत सांगता आले नाही तरी जाणवते. या मुद्द्यावर सातारकरांनी घेतलेला आक्षेप फारसा टिकत नाही. सचेतनपट हा मारामारीसाठीच जन्मला असे त्यांचे म्हणणे आहे, आणि ते बाजूला ठेवलेले बरे.

त्याहून विचार करण्याजोगा मुद्दा ते पुढे मांडतात. ओमाशूच्या त्याच कथेत राजा बूमी सुटण्याची शक्ती असूनही कैदेत राहणे पसंत करतो आणि नायक आंगला सांगतो की चढाई आणि माघार यांखेरीज तिसराही एक मार्ग आहे: काहीच न करणे, म्हणजे योग्य क्षणाची वाट पाहत ऐकत राहणे. हे ऐकून पाश्चात्त्य प्रेक्षकाला पौर्वात्य गूढ वाटले तरी कौटिल्य वाचणाऱ्याला वाटू नये. ‘अर्थशास्त्रा’तील षाड्गुण्यात, म्हणजे परराष्ट्रनीतीच्या सहा उपायांत, संधी, विग्रह, यान, संश्रय आणि द्वैधीभाव यांच्या जोडीला ‘आसन’ आहे. आसन म्हणजे तह नाही, युद्ध नाही, स्वस्थ राहून काळाकडे लक्ष ठेवणे. प्रतापगडाच्या वाटाघाटीत महाराजांनी जावळीत जे केले ते बरेचसे हेच, असे सातारकर म्हणतात, आणि वाईहून खान निघेपर्यंतचा काळ या दृष्टीने पाहिला तर त्यांचे म्हणणे पटते. पण मग त्यांचाच मूळ सिद्धान्त ढिला पडतो. वाटाघाट ही लढाईची पहिली फेरी असेल, तर न लढता बसून राहणाऱ्याला प्रेक्षक दाद कशी देतो? आंग त्याच रात्री ते मूल कोणताही मोबदला न घेता आईबापांच्या घरी परत सोडतो, त्या कृतीला ‘कोणी फसवले’ या मापात कोठे बसवायचे? सातारकरांकडे याचे उत्तर आहे, पण ते उत्तर सांगलीकरांच्या घरातले आहे: प्रेक्षक हिशेबाला दाद देतो आणि निवाडा वेगळा करतो.

निवाडा केवळ मनात राहत नाही, याचे उदाहरण सांगलीचेच आहे. १८७२ मध्ये सांगलीत जन्मलेले कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे टिळकांच्या ‘केसरी’शी जोडलेले पत्रकार आणि नाटककार, त्यांचे ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आले. विराटपर्वातील कथा सर्वांच्या ओळखीची: अज्ञातवासातील द्रौपदी सैरंध्री म्हणून राणी सुदेष्णेच्या पदरी आहे, सेनापती कीचक तिची अभिलाषा धरतो, राजा विराट त्याच्या धाकाखाली आहे, कंक झालेला युधिष्ठिर संयमाचा सल्ला देतो आणि बल्लव झालेला भीम दात खातो. मूळ पर्वात कीचक भर सभेत सैरंध्रीला लाथ मारतो, ती राजाकडे न्याय मागते आणि राजा टाळाटाळ करतो. नाटकात कोणा समकालीन माणसाचे नाव नव्हते, पण प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन, सैरंध्रीत देश, कंकात मवाळ आणि बल्लवात जहाल ओळखले. १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या व्हॅलेंटाईन चिरोल या इंग्रज पत्रकाराच्या ग्रंथात या नाटकाचा आणि ते पाहणाऱ्यांच्या भारलेल्या अवस्थेचा उल्लेख आहे.

“नाटकाचे नाव ‘कीचकशिष्टाई’ नाही, ‘कीचकवध’ आहे,” हा सातारकरांचा शेवटचा आणि सर्वांत चपखल आघात. सरकारला भीती वाटली ती वधाची, असे ते म्हणतात. सांगलीकरांचे उत्तर असे की वध तर व्यासांच्या काळापासून होताच, कीर्तनात होता, पोथीत होता, त्यावर कोणी बंदी घातली नाही. खाडिलकरांनी वधापूर्वीच्या बोलण्यांत कंक आणि बल्लव यांना समोरासमोर उभे केले आणि यांपैकी कोण बरोबर हे प्रेक्षकाकडून ठरवून घेतले, म्हणून तीच जुनी कथा राज्यकर्त्यांना झोंबली. वध पाहून टाळ्या पडल्या असतील, पण मत त्याआधीच पडलेले होते.

दोन्ही बाजू ऐकल्यावर कौल सांगलीकरांकडे झुकतो, मात्र एका दुरुस्तीसह. प्रेक्षक पंच असतो हे खरे, पण तो कोरा पंच नसतो. दुर्योधन, खान, कीचक आणि अझुला यांच्याविषयीचे त्याचे मत वाटाघाटीपूर्वीच अर्धे बनलेले असते, आणि चांगला प्रवेश त्याला ते मत सोडायला लावत नाही, फक्त त्या मताची किंमत मोजायला लावतो. सातारकरांची चूक अशी की त्यांनी ही किंमत मोजणारा माणूस केवळ बघ्या समजला. त्यांचे एक म्हणणे मात्र शिल्लक राहते: दृश्य खूण नसेल तर वाटाघाट स्मरणातून निसटते, आणि प्रतापगडाच्या बाबतीत ती निसटली आहे.

तेव्हा मराठीत शिवचरित्रावर सचेतन मालिका करू इच्छिणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे की पंताजी गोपीनाथ आणि कृष्णाजी भास्कर यांना वाई ते जावळीच्या वाटेवर एक संपूर्ण भाग द्यावा, आणि त्या भागात कोणाचेही शस्त्र म्यानाबाहेर काढू नये.